आमच्या घरातले आठ अजगर

घरात रात्री जेवायला किती पाने आहेत, हे गृहस्थाला ठाऊक असावे अशी साधी अपेक्षा असते. मला ते ठाऊक असते. कपबशा किती, उशा किती, शेजाऱ्यांनी नेलेल्या आणि परत न आलेल्या छत्र्या किती, हेही मी सांगू शकतो. पण माझ्या संगणकात पायथॉन किती आहेत, हे मात्र मला परवापर्यंत सांगता आले नसते. माझी समजूत होती, एक. फार तर दोन. परवा मोजले. आठ निघाले.

"आठ?" सौ. भाजी निवडता निवडता म्हणाली. "अहो, पण लागतात किती?"

"सध्या एक. आणि तोही 2020 साली वारलेला."

"मग बाकीचे सात करतात काय?"

मी विचार केला आणि खरे ते सांगितले. बाकीचे सात त्या एकाला सापडू देत नाहीत.

आता, ज्यांचा या प्राण्याशी संबंध आलेला नाही त्यांच्यासाठी सांगतो. पायथॉन ही संगणकाला काम सांगण्याची भाषा आहे. खिदो फान रोस्सुम नावाच्या डच गृहस्थांनी 1989 च्या नाताळच्या सुट्टीत ती करायला घेतली आणि 1991 साली लोकांपुढे ठेवली. नावाचा अजगराशी काही संबंध नाही. ते बीबीसीवरच्या 'मॉन्टी पायथॉन' या विनोदी मंडळींवरून घेतले आहे. म्हणजे भाषेचे नाव ठेवतानाच विनोद झालेला होता. पुढच्या भानगडींना हसावे की रडावे, हे त्यामुळे आधीच ठरून गेले.

आता मी या भाषेच्या वाटेला गेलो कसा? तर एका मित्रापायी.

आमच्या पेठेत एक वाचनालय आहे. माझा एक मित्र तिथे बरीच वर्षे मानद सचिव होता. मानद म्हणजे पगार नाही, पंखा नाही, आणि वार्षिक सभेत शिव्या मात्र सर्वांच्या. या गृहस्थाने साठी उलटल्यावर पायथॉन शिकून 2011 साली वाचनालयाच्या दंडाचा हिशेब ठेवणारा एक प्रोग्रॅम स्वतः लिहिला. 2019 साली मित्र गेला. त्याचा प्रोग्रॅम वाचनालयाच्या जुन्या संगणकावर मुकाट्याने पावत्या देत राहिला. 2023 साली तो संगणकही गेला. मित्राच्या पेनड्राइव्हवरचा प्रोग्रॅम आणि हिशेबाच्या फायली माझ्याकडे आल्या, कारण कार्यकारी मंडळात 'संगणकातले कळते' अशी माझी ख्याती होती. ही ख्याती मी एकदा प्रिंटरमध्ये अडकलेला कागद ओढून काढल्यापासूनची आहे.

मी तो प्रोग्रॅम माझ्या संगणकावर चालवला. पहिल्याच ओळीला नन्नाचा पाढा. भाच्याला फोन केला.

"मामा, हा पायथॉन 2 आहे. तुमच्याकडे 3 आहे. दोघांचं पटत नाही."

ही भाऊबंदकी जुनी आहे. 2008 च्या डिसेंबरात पायथॉन 3 आला आणि त्याने थोरल्याशी फारकत घेतली. थोरल्याला 2015 पर्यंतची मुदत होती, ती वाढवून 2020 केली, आणि त्या वर्षीच्या 1 जानेवारीला त्याचा सांभाळ थांबला. एप्रिलमध्ये 2.7.18 ही शेवटची आवृत्ती निघाली. म्हणजे वारल्यानंतर साडेतीन महिन्यांनी मृत्युपत्र वाचावे तशी. फारकत उगाच झाली नव्हती, हेही सांगितले पाहिजे. पायथॉन 2 च्या साध्या मजकुरात आपला 'राम' नऊ लांबीचा भरतो, कारण तो अक्षरे मोजत नाही, बाइट मोजतो, आणि देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात. पायथॉन 3 मध्ये राम तीनच भरतो: र, काना आणि म. माझा मित्र सभासदांची नावे न घालता नुसते क्रमांक आणि रोमन अक्षरे का वापरी, ते मला तेव्हा कळले. मराठी माणसाने तरी पायथॉन 3 ला नावे ठेवू नयेत.

भाच्याने जुन्याचे नवे करून देणारे '2टू3' नावाचे साधन फिरवले. (हेही 2024 साली आलेल्या 3.13 पासून पायथॉनमधून काढून टाकले आहे. भाच्याने जुन्या पायथॉनमधले वापरले.) प्रोग्रॅम सुरू झाला. आम्ही दोघांनी चहा घेतला.

दुसऱ्या दिवशी वाचनालयात एक ऐंशीच्या घरातल्या आजी पावती घेऊन आल्या. पुस्तक वीस दिवस उशिरा आणले होते. दंड आठवड्याला दोन रुपये.

"पाच रुपये एकाहत्तर पैसे?" आजी म्हणाल्या. "नेहमी चार होतात. आणि एकाहत्तर पैसे आणू कुठून? पावली जाऊन किती वर्षं झाली!"

आजींचे बरोबर होते. 25 पैसे आणि त्याखालची नाणी 2011 च्या जूनअखेर चलनातून गेली. मित्राने प्रोग्रॅम लिहिला तेही त्याच वर्षी.

भानगड झाली होती ती भागाकारात. पायथॉन 2 मध्ये वीस भागिले सात म्हणजे दोन. उरलेल्याचा तो उच्चारही करत नाही. पायथॉन 3 मध्ये तोच भागाकार 2.857 होतो. '2टू3' भागाकाराला हात लावत नाही, कारण लिहिणाऱ्याच्या मनात कोणता भागाकार होता हे त्या यंत्राला कळण्याचा मार्ग नाही. ओळ तीच, चिन्ह तेच, उत्तर मात्र वेगळे. आजूबाजूची भाषा बदलली की वाक्याचा अर्थ बदलतो, हे मराठीच्या मास्तरांनी शाळेत सांगितले होते. तेव्हा मी खिडकीबाहेर पाहत होतो.

इथपर्यंत सगळे विनोदी होते. पुढे ते तसे राहिले नाही. पैशांच्या पावत्या पाहून मंडळाने छापील नियमावली काढली. तीत लिहिले होते, 'प्रत्येक आठवड्यास अथवा त्याच्या भागास दोन रुपये.' म्हणजे आजींचा दंड चारही नव्हे, पाच एकाहत्तरही नव्हे, चक्क सहा! बारा वर्षे वाचनालयाने दंड कमी घेतला होता. मंडळातले एक सभासद चष्मा पुसत म्हणाले, "स्पष्ट बोलतो. आपल्या सचिवांना भागाकार येत नव्हता. वाचनालयाचे नुकसान झाले, ते इतिवृत्तात नोंदले पाहिजे."

गेलेल्या माणसाला उठून उत्तर देता येत नाही, आणि मला द्यायला उत्तर नव्हते. तो प्रोग्रॅम वर्षाचा एक तक्ता काढत असे. तो फक्त मित्रच पाही आणि त्याच्यामागे कुणी काढला नव्हता. त्यात 'एमएएएफ' अशा रोमन अक्षरांचा एक रकाना होता. आम्ही तो पाहिला. वरपासून खालपर्यंत शून्ये. "हे आणखी एक!" चष्मेवाले म्हणाले.

मला मात्र झोप येईना. जो माणूस पुस्तकाच्या पाठीवरचा क्रमांक पुसट झाला तर रात्री नऊला दौत घेऊन बसतो, तो माणूस शून्यांचा रकाना कशाला ठेवील? तेव्हा ठरवले, हा प्रोग्रॅम त्याच्या मूळ पायथॉनमध्ये, 2.7 मध्ये, जसाच्या तसा चालवून पाहायचा. आणि इथून माझ्या घरी अजगर जमायला सुरुवात झाली.

पहिला माझ्याकडे होताच. तो लिनक्सबरोबर आला होता. दुसरा टाळेबंदीत मी स्वतः 'बांधला' होता, का ते आता आठवत नाही. मी काय केले, 'पायथॉन 3' हे नाव संगणकाच्या पहिल्या पायथॉनकडून काढून या दुसऱ्याला दिले. अडथळा नको म्हणून. अडथळा गेला आणि त्याच्याबरोबर टर्मिनलची खिडकीही गेली. उघडेचना. भाचा आला, पाहिले आणि खाली बसला.

"मामा, सिस्टिमच्या पायथॉनला हात लावलात? अहो, त्या खिडकीमागे तोच काम करतो!"

घरचा जुना गडी आपल्याला नुसता कोपऱ्यात बसलेला दिसतो. त्याला घालवला की मग कळते, पाण्याचा पंप तोच लावत होता. हल्ली शहाणपण आले आहे. 2023 च्या डेबियन 12 पासून सिस्टिमच्या पायथॉनमध्ये पिपने बाहेरचे काही घालू गेलात तर तो सरळ नकार देतो, ही जागा माझ्या ताब्यातली नाही म्हणून सांगतो. मला विचाराल तर अलीकडच्या सगळ्या सुधारणांत मला हा नकार सर्वांत आवडला.

पण मुळात माणूस या फंदात का पडतो? कारण सगळ्या पायथॉनांचे नाव एकच. संगणकात 'पाथ' नावाची एक यादी असते. आपण 'पायथॉन' अशी हाक मारली की तो यादीतल्या खोल्यांची दारे क्रमाने ठोठावतो आणि ज्या पहिल्या दारातून 'ओ' येईल त्याला काम देतो. चाळीच्या जिन्यात उभे राहून 'बंड्या' म्हणून ओरडावे, तसे. चाळीत बंड्या आठ. जो पहिला बाहेर येईल त्याच्या हातात पिशवी द्यायची आणि दळण दुसऱ्याच घरी पोचले की कपाळाला हात लावायचा. माझी पहिली तक्रार ही आहे. आठ असल्याबद्दल मी बोलत नाही. ओ कुणी दिली ते संगणक आपण होऊन सांगत नाही, याबद्दल बोलतो.

या गोंधळावर उपाय करणारे पुष्कळ निघाले, आणि प्रत्येकाने स्वतःचा उपाय आधीच्यांच्या शेजारी आणून ठेवला. या भाषेच्या सुभाषितांत, टिम पीटर्स यांनी लिहिलेल्या, उघड दिसणारा मार्ग शक्यतो एकच असावा अशा अर्थाचे एक आहे. ते वाचून मी खूप हसलो. 2018 साली रँडल मन्रो यांनी आपल्या 'एक्सकेसीडी' मालिकेत अशाच एका संगणकातल्या पायथॉनांचा बाणांनी भरलेला नकाशा काढला. लोक त्याला व्यंगचित्र म्हणतात. माझ्या मते ती मोजणीखात्याची प्रत आहे.

आता मी ज्यांचा अनुभव घेतला त्यांच्याबद्दल चार शब्द.

'व्हेन्व' हा सर्वांत साधा. 2012 साली आलेल्या 3.3 पासून तो पायथॉनच्या घरचाच आहे. त्याआधी इयन बिकिंग यांचा 2007 चा 'व्हर्च्युअलएन्व्ह' तेच काम करी. हा एकाच वाड्यात वेगळी चूल मांडून देतो. भांडी आपली, डबे आपले, जिना मात्र सामाईक. तुमच्या कामाला लागणाऱ्या लायब्ऱ्या तुमच्या खोलीत, माझ्या माझ्या खोलीत, म्हणजे तुमच्या मिठाने माझी आमटी खारट होत नाही. 'सुरू' करणे म्हणजे तरी काय, तर त्या खोलीचे दार पाथच्या यादीत पहिले आणून ठेवणे. माणूस गरीब आणि प्रामाणिक. पण मुळातला पायथॉन काढलात की खोली अधांतरी, आणि ती उचलून दुसरीकडे नेता येत नाही. शिवाय तो नवा पायथॉन आणत नाही. 3 च्या वाड्यात 2.7 ची खोली निघत नाही. माझ्या उपयोगाचा नव्हता, तरी त्याच्याबद्दल आदर वाटतो.

'पायएन्व्ह' हा दारावर बसणारा फडावरचा कारकून. 'पायथॉन' नावाचा एक तोतया तो सर्वांत पुढे बसवतो. तुम्ही हाक मारलीत की तो त्या फोल्डरमधली चिठ्ठी वाचतो आणि खऱ्या माणसाकडे पाठवतो. कल्पना फारच चांगली, निदान कुणाला बोलावले याचा लेखी पुरावा राहतो. पण हा प्रत्येक पायथॉन विटेपासून बांधतो. भाच्याने त्याच्याकडून 3.9 आणि 3.11 बांधून घेतले. तिसरा आणि चौथा अजगर ते हेच. 2.7 ला लागणारे जुने सामान माझ्या नव्या लिनक्सकडे नव्हते, बांधकाम जोत्याला अडले.

'यूव्ही' 2024 साली आला. तो रस्ट भाषेत लिहिला आहे आणि त्याच्या वेगाने माझ्यासारख्याला गांगरायला होते. पायथॉन आणतो, खोली काढतो, लायब्ऱ्या लावतो, काय काय लावले त्याची यादी ठेवतो, आणि हे सगळे एकट्याने. भाच्याने 3.12 मागितला, मी चष्मा घालीपर्यंत आलेला होता. नव्याने संसार मांडणाऱ्याने याच्याकडेच जावे. पण मी 2.7 चे नाव काढताच त्याने नाही म्हटले. तरुणांचे असेच असते. कामाला तत्पर, म्हाताऱ्यांना जागा नाही.

उरला 'कोंडा'. हा 2012 चा. आपल्याकडे कोंड्याचा मांडा करतात, हा मात्र मांड्यापेक्षा जास्त जागा खातो. स्वतःचा पायथॉन, स्वतःच्या लायब्ऱ्या, सी भाषेतले सामानसुद्धा स्वतःचे. लग्नाला आलेल्या व्याह्यांनी स्वतःचा आचारी, पाणी आणि पाटसुद्धा आणावेत, तसे. पुढे प्रत्येक नव्या खिडकीत 'बेस' अशी स्वतःची पाटी आपण होऊन लावतो, ते वेगळेच. मी त्याला शिव्या देतच घरात घेतला आणि 2.7 मागितला. त्याने एका ओळीत आणून दिला! अजगर पाचवा आणि सहावा. माणसाची परीक्षा अडचणीत होते म्हणतात, ते खरे असावे. आता मी कोंड्याबद्दल वाईट बोलत नाही.

सातवा मुलीने त्रिमिती चित्रांसाठी आणलेल्या 'ब्लेंडर'च्या पोटात निघाला. ब्लेंडर आपला पायथॉन आपल्याबरोबरच बाळगतो. "ब्लेंडरमध्ये अजगर?" एवढेच म्हणून सौ.ने स्वयंपाकघराकडे पाहिले. आठवा यूव्हीचा 3.12.

2.7 आला, तरी प्रोग्रॅम लगेच चालला नाही. त्याला दोन जुन्या लायब्ऱ्या हव्या होत्या. वाचनालयाचा प्रोग्रॅम लायब्रऱ्यांवाचून अडावा, हा विनोद माझा नाही. पायथॉनच्या लायब्ऱ्यांच्या कोठाराला पूर्वी 'चीज शॉप' म्हणत, मॉन्टी पायथॉनच्या प्रहसनावरून. त्या प्रहसनातल्या दुकानात चीजच नाही. कोठारातून सामान आणणाऱ्या पिपने 2021 च्या जानेवारीत 21.0 पासून 2.7 ला दार बंद केले. म्हणून 20.3.4 हा जुना पिप शोधला. मग कोणत्या लायब्रीची कोणती आवृत्ती, हे ओळखण्यात तीन रात्री गेल्या. मित्राने चार ओळी लिहून ठेवल्या असत्या, तर तीन मिनिटे लागली असती. त्याच्या हयातीत हे सांगायला हवे होते. पण मला तेव्हा ते कुठे माहीत होते!

चौथ्या रात्री तक्ता आला. 'एमएएएफ'च्या रकान्यात शून्ये नव्हती. 6 होते, 3 होते, 1 होता. खाली बेरीज होती.

एमएएएफ म्हणजे माफ. वीस दिवसांतले पूर्ण आठवडे दोन, त्यांचे दिवस चौदा. वीस वजा चौदा, सहा दिवस माफ. हा हिशेब त्याने त्याच भागाकारावर उभा केला होता. नव्या पायथॉनमध्ये वीस भागिले सात गुणिले सात पुन्हा वीसच होतात, वीसातून वीस गेले की शून्य. त्याने बारकाईने लिहून ठेवलेली माफी नव्या पायथॉनने अशी पुसून टाकली होती, आणि प्रोग्रॅमने एका अक्षरानेही तक्रार केली नव्हती. बंद पडणारा प्रोग्रॅम परवडला, निदान तो बंद पडलो म्हणून सांगतो.

मंडळाच्या सभेत मी संगणक नेला. चष्मेवाल्यांना म्हटले, "सचिवांना भागाकार येत होता. नियम कडक आहे हेही ठाऊक होते. त्यांनी अर्धवट आठवडा सोडून दिला, आणि किती सोडला ते लिहूनही ठेवले." त्यांनी रकाना वाचला. मग स्वतःचा सभासद क्रमांक शोधला. त्याच्यासमोर 41 दिवस माफ होते. त्यांनी पुन्हा चष्मा पुसला. इतिवृत्तात नुकसानीची नोंद झाली नाही. नियमात 'अथवा त्याच्या भागास' हे शब्द होते, ते काढावेत असा ठराव झाला, आणि तो त्यांनीच मांडला.

प्रोग्रॅममध्ये मी दुरुस्ती केली ती एका तिरप्या रेघेची. भागाकाराच्या एका रेघेऐवजी दोन दिल्या की उरलेले सोडून द्यायचे, हे दोन्ही पायथॉनांना सारखेच कळते. आजींचा दंड पुन्हा चार रुपये झाला.

तर समीक्षक म्हणून माझे मत असे. वेगळ्या चुली मांडाव्यात, त्यात कमीपणा नाही. ज्यांची चव जमत नाही त्यांना एका पातेल्यात जेवायला लावणे हा दुष्टपणा आहे. पण प्रत्येक चुलीशेजारी कागद असावा: इथे कोणता पायथॉन, कोणत्या लायब्ऱ्या, कोणत्या आवृत्तीच्या. 2025 साली अशा यादीचा एक सामाईक नमुना पायथॉनवाल्यांनी मान्य केला, ते फार बरे झाले. साधने येतील आणि जातील, कागद वाचता येईल. आणि जुन्या पायथॉनला रोजच्या कामाला जुंपू नये, पण त्याला जाळूही नये. नवी आवृत्ती आली म्हणून वाचनालय जुनी रद्दीत घालत नाही. कुणीतरी एखाद्या दिवशी मूळ शब्द काय होता ते पाहायला येतो.

वाचनालयाच्या कपाटावर मी तो चार ओळींचा कागद डकवला आहे.

"आता तरी सात काढाल ना?" सौ.ने विचारले.

काल एक काढला, मी टाळेबंदीत बांधलेला. काही झाले नाही. अजून तरी.